जहाजाई

लीलाबाईनं कुंकवाची कोयरी उघडली, तेव्हा पार्बताबाईचा तेलाचा हात अजून लाकडी बाईच्या गालावरच होता.

"हात काढ," लीलाबाई म्हणाली. "आता ते देवी हाय."

अकोल्यातल्या त्या कापसाच्या वखारीच्या फाटकाशी ती बाई उभी होती. कमरेपासून वर, माणसाहून थोडी मोठी, छाती पुढं काढलेली, केस मागं उडालेले. एका विलायती जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला तिला बसवलेलं होतं. मुंबईत ते जहाज मोडलं. कापूस रेल्वेपर्यंत पोचवून परतणाऱ्या गाड्यांनी त्याच्या फळ्या आणल्या आणि फळ्यांखाली ती निघाली. अमेरिकेतल्या लढाईनं चढलेला कापसाचा भाव पडायच्या आत नवं छप्पर उभं राहावं, अशी मालकाची घाई होती. फळ्या छपराला गेल्या. बाईचं काय करावं ते कुणाला सुचेना, म्हणून वामनराव दिवाणजींनी ती फाटकाशी उभी करवली.

समुद्राच्या हवेत मुरलेलं लाकूड वऱ्हाडच्या उन्हात तडकतं, रोज जवसाचं तेल पाजा, असं नत्थुजी सुतारानं बजावलं होतं. ते काम वखार झाडणाऱ्या पार्बताबाईकडं आलं. नवरा गेल्यापासून दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्याला हात लावायची वेळ तिच्यावर आली नव्हती. हिवाळाभर तिनं हा चेहरा सांभाळला. हनुवटीखालची चीर मिटत आली होती.

पण वखारीतल्या बायकांनी बाईचं नाव जहाजाई ठेवलं. मापाड्याच्या बायकोनं, लीलाबाईनं, तिला नवस बोलला आणि पोराचा ताप उतरला. आज ती ओटी घेऊन आली होती.

"देवी झाली त झाली," पार्बताबाई म्हणाली. "तेल कोन लावन?"

"सवाशीन लावन. तुया हात नोको तिले."

"मंग सवाशिनीले सांग, हनुवटीखाली जास्त लागते."

"जशी काही हिचीच लेक हाय!" मागच्या बायकांतून जमुना म्हणाली. बायका हसल्या.

आवाज ऐकून वामनराव बाहेर आले. त्यांनी दोघींचं ऐकून घेतलं.

"पार्बता, वाटी देऊन टाक. झाडायचं काम आहेच तुला."

पार्बताबाईनं वाटी सोडली नाही. लीलाबाईनं कुंकवात बोट बुडवून वर उचललं.

"थांब. तिचा धनी कोन, ठाव हाय तुले?"

"देवीले कायचा धनी?"

"देवी नाई. जहाजाची बाई हाय ते. ज्याच्या संगं साती समुद्र फिरली, ते जहाज मोडलं. त्याच्या फळ्या त्या नव्या छपराले हायेत, पाह्य." पार्बताबाईनं छपराकडं हात केला. "कपाळ पाह्य तिचं. गळा पाह्य. आली तवाच रिकामा होता. लाव आता कुंकू, लावाचं असन त."

लीलाबाईचं बोट थांबलं. ते तिनं आपल्याच कपाळाला टेकवलं आणि कोयरी मिटली. बायका दोन पावलं मागं सरल्या. जमुनाही हसली नाही.

पार्बताबाई पुन्हा हनुवटीखाली तेल जिरवू लागली.

वामनराव मात्र आत गेले नव्हते. फाटकाशी भरलेल्या गाड्या निघायच्या बेतात होत्या. पहिला गाडीवान कासरा टाकून खाली उतरला आणि त्यानं लाकडी बाईकडं बोट केलं.

"दिवाणजी, हे समोरून हालल्याबिगर मी बैल हाकत नाई."

"नत्थुजी," वामनरावांनी हाक मारली, "ही बाई इथून काढा."

पार्बताबाई वाटी घेऊन त्यांच्यापुढं आली. "मी उगंच बोलली, दिवाणजी. देवीच हाय ते. लावू द्या तिले कुंकू."

"बोललीस ते सगळ्यांनी ऐकलं," वामनराव म्हणाले आणि आत गेले.

चार हमालांनी बाईला उचलून नव्या छपरामागं नेलं. नत्थुजीनं तिच्या बुडाशी दगड बसवला, ती डुगडुगत नाही हे पाहिलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "इथं ऊन येत नाई. लाकूड टिकन."

तो गेला. फाटकाशी बैलांच्या घंटा वाजू लागल्या. पार्बताबाईनं खराटा ठेवला आणि गाड्या निघताना दरवेळी यायची तशी ती छपरामागं आली. भिंतीलगतची तिची जागा लाकडी बाईनं घेतली होती.

"सरक वं थोडी," पार्बताबाई म्हणाली. "मलेबी इथंच उभं राहा लागते."