चढाचा नंबर

देवमनने जुन्या टर्बोचार्जरची चकती बोटाने फिरवली. ती जेमतेम दोन फेरे घेऊन खरखरत थांबली.

"हा संपला, गोविंदभाऊ. आतला आस डुलते. म्हणून तर निळा धूर."

गोविंदसिंग ताडपत्रीखालच्या गाडीकडे पाहत राहिले. गाडी परदेशी, चार दारांची, वापरून जुनी झालेली. पण मुळात वेगासाठीच बांधलेली. त्यांच्या पत्नी मोतीबाई धरणाच्या वसाहतीत एका परदेशी अभियंत्याच्या घरी अनेक वर्षे कामाला होत्या. मायदेशी परतताना तो ही गाडी त्यांना देऊन गेला होता. देवमनच्या वाशीमच्या गॅरेजपर्यंत ती ट्रकला बांधून ओढत आणावी लागली.

टर्बोचार्जर म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो आणि इंजिन जादा ओढते. तो निकामी झाल्यापासून गाडी रिकामीसुद्धा चढ चढत नव्हती. आणि त्यांची सारी भिस्त एका चढावरच होती.

टॅक्सी-स्टँडवर एक नेम होता. नव्या गाडीला रांगेत नंबर हवा असेल, तर तिने पोहरादेवीच्या वाटेवरचा लांब चढ पाच उतारू घेऊन, मध्ये कुठेही न थांबता चढायचा. नंबर मालकाला मिळत नसे; चढ चढवणाऱ्या चालकाला मिळे. उसना तरबेज ड्रायव्हर आणून कोणी नंबर लाटू नये, हा त्यामागचा हेतू. पोहरादेवीची रामनवमीची जत्रा जवळ आली होती. नंबर मिळाला तर घर सावरणार होते. नाही तर गाडी भंगारात जाणार आणि नवरा-बायको पुन्हा ऊसतोडीला.

स्टँडचे मुखत्यार दौलतराव चहा पिता पिता गॅरेजात डोकावले. ताडपत्रीतून बाहेर आलेले बॉनेट तेवढे त्यांनी पाहिले.

"काय रे गोविंदा, हे विलायती म्हैस चढ चढन, का अर्ध्यात बसन?"

"बसली तं तुमच्याच दारी बांधतो, दौलतराव. वैरण तुमी घाला."

दौलतराव हसले. "मी वर उभा राहतो हार घेऊन. सुकू देऊ नको म्हंजे झालं."

ते गेल्यावर देवमनने कोपऱ्यातून गोणपाटात गुंडाळलेला दुसरा टर्बोचार्जर काढला. धरणावरच्या मोडीत निघालेल्या यंत्राचा तो होता; आकाराने मोठा, आस निर्दोष. तांत्रिक विद्यालयात शिकलेल्या देवमनने तो आधीच खोलून, धुऊन, तपासून ठेवला होता.

"ताकद लय देईन. पण मोठा पंखा उशिरा जागा होते. वळणावर पाय दाबसान तं आधी काहीच होनार नाही, आन् मंग एकदम उडी. उडी वळणात आली तं गाडी खाली. लहान पाहू का दुसरा?"

गोविंदसिंगांनी मोतीबाईंकडे पाहिले. त्या ओढणी सावरत गोरमाटीत, आपल्या बंजारा बोलीत, हलकेच काही बोलल्या.

"मोठाच लावा," गोविंदसिंग म्हणाले. "वळन यायच्या आधीच दाब देऊ. तवा बराबर लागन." आणि पुन्हा वळून विचारले, "असंच ना?"

मोतीबाईंनी मान हलवली.

"वहिनीले इचारल्याबिगर तुमचं पानही हालत नाही," देवमन म्हणाला.

"बायकोले इचारते तो बुडत नाही, भाऊ."

जोडणीला आठवडा गेला. नव्या पट्ट्या ठोकाव्या लागल्या, तेलाची नळी लांबवावी लागली, दाब मर्यादेत ठेवणारी झडप पुन्हा पुन्हा बसवावी लागली. मग एका सकाळी, रस्ता मोकळा असताना, गाडी अनसिंगच्या दिशेने निघाली. पुढे नवरा-बायको, मागे कान देऊन बसलेला देवमन. मैलभर गाडी शांत धावली. मग बारीक शिटी उमटली आणि सारे जण आसनात मागे दाबले गेले.

परत आल्यावर गोविंदसिंग उजव्या दाराने उतरले. सदरा घामाने अंगाला चिकटला होता. मोतीबाई डाव्या दाराने उतरल्या आणि त्यांनी तळहात ओढणीला पुसले.

"भेव वाटलं का वहिनी?" देवमनने विचारले.

"नाही, भाऊ," मोतीबाई म्हणाल्या. "शिटी जरा आधी आली पायजे."

देवमन पाना घेऊन पुन्हा बॉनेटखाली वाकला.

परीक्षेच्या दिवशी दौलतराव चढाच्या माथ्यावर हार घेऊन उभे होते. सोबत स्टँडवरची चार माणसे होती. खाली पाच उतारू बसले, आणि गाडी निघाल्याचा आवाज वर आला.

पहिले वळण पार झाले, दुसरेही. तिसऱ्या, सर्वांत अवघड वळणाशी आवाज एकाएकी दबला.

"बसली म्हैस," दौलतराव म्हणाले.

तेवढ्यात शिटी उठली. बारीक, मग धारदार, मग सगळी टेकडी व्यापणारी. गाडी वळणातून वर उसळली. समोरच्या काचेवर ऊन असे पडले होते की आतले काहीच दिसेना. धूळ उडवीत ती सर्वांना ओलांडून पुढे गेली आणि सपाटीवर जाऊन थांबली. मागच्या बाकावरून उतारू म्हणून बसलेल्या त्यांच्या तांड्यातल्या माणसांनी आरोळी ठोकली.

दौलतराव दिलदार माणूस. धुळीतून वाट काढत ते मागून धावत उजव्या खिडकीशी पोहोचले आणि आत हात घालून त्यांनी गोविंदसिंगांच्या गळ्यात हार घातला.

"मानलं गड्या! असं वळन मले बी कधी साधलं नाही. आजपासून बावीस नंबर गाडी चढवनाराचा. सगळ्याइच्या समोर सांगतो, हा शब्द फिरनार नाही!"

"फिरनार नाही ना, दौलतराव?"

"दौलतरावचा शब्द हाय!"

गोविंदसिंगांनी हार गळ्यातून काढला आणि डावीकडे, परदेशी गाडीच्या स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलेल्या मोतीबाईंच्या गळ्यात घातला.