ओळखीची चाल

बायकोला हात धरून अंगणात फिरवता यावं, एवढ्यासाठीच म्हाताऱ्याने गुडघा बदलून घेतला. तिची नजर गेलेली, आठवणही विझत चाललेली. नवऱ्याला ती फक्त काठीच्या ठकठकीवरून आणि मागून फरफटणाऱ्या पायावरून ओळखायची. लेकीकडे राहून, दात आवळून व्यायाम करून आज तो लेकीसोबत काठीशिवाय ताठ चालत घरी आला. “चल, बाहेर जाऊ,” म्हणत त्याने तिचा हात धरला. तिने झटकला. “कोण तुम्ही? लांब व्हा! आमचे हे येतीलच एवढ्यात.” “आई, बाबाच आहेत गं!” लेक म्हणाली. म्हातारी ऐकेना. म्हातारा बाहेर गेला, जुनी काठी घेऊन पाय मुद्दाम ओढत परतला. तिने कान टवकारले, चेहरा उजळला. पण बरा झालेला गुडघा जुना ठेका धरेना. “बाई,” ती घाबरून लेकीला म्हणाली, “कडी घाला. कुणीतरी ह्यांची नक्कल करतंय.”