आठ पदरी कापड

राजकुंवरबाईंनी मुहपत्तीचा दोरा कानांमागे अडकवला, आठ पदरी पांढरं कापड तोंडावर नीट बसलं का ते बोटांनी चाचपलं आणि उकळून गार केलेल्या पाण्याची कळशी कमरेवर घेतली.

त्यांची लेक कुसुमलता दारात आडवी उभी राहिली.

चौऱ्याण्णवचा सप्टेंबर होता. सुरतेत प्लेग होता. दोन दिवस तिकडून येणाऱ्या गाड्या गच्च भरून येत होत्या आणि अमळनेर स्टेशनावर माणसं नाकाला रुमाल बांधून पाठमोरी उभी राहत होती. खिडकीतून पुढं आलेल्या तांब्यात पाणी घालायला कुणी जात नव्हतं.

कुसुमलता कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. घरच्या रीतीनं ती आईला बाई म्हणे. हा रोग श्वासातून पसरतो, तिनं समजावलं. पासष्टाव्या वर्षी, आठ दिवसांचा खोकला अंगावर असताना तिथं जाण्यात शहाणपण नाही. मग तिला राहवलं नाही. रोज सामायिकाला, जैनांच्या नेमाच्या ध्यानाला, बसताना बाई हे कापड बांधायची, आपल्या श्वासानं हवेतले बारीक जीव दुखावू नयेत म्हणून. आणि शाळेत असल्यापासून कुसुमलता तिला एकच प्रश्न विचारत आली होती. तोच तिनं पुन्हा विचारला.

"या फडक्यानं कुठले जीव वाचतात, बाई?"

बाई कधी वाद घालत नसे. तिनं पाणी काढायचं ओगराळं लेकीच्या हातात दिलं आणि गाडीची वेळ झाली म्हणाली.

फलाटावर धनसिंग हमालानं उपरणं नाकावर गुंडाळलं होतं. तो लांबूनच म्हणाला, "तुमनं फडकं ते पहिलेपासूनच तयार शे, बाई. आते बठ्ठं गाव तुमना धर्ममा उनं."

सगळं गावच आपल्या धर्मात आलं, हे ऐकून बाई हसली. कापड हललं तेवढंच दिसलं.

गाडी थांबली. बाई थेट समोरच्या खिडकीशी गेली. आत एक तरुणी होती, मांडीवर झोपलेलं मूल. तिनं आधी फलाटावरचे रुमाल पाहिले, मग समोरचं कापड.

"आमची एवढी भीती वाटते, तर आलात कशाला, आजी?"

बाईनं मान वळवली, दुसरीकडं तोंड करून खोकली आणि पुन्हा वळली. "भीती नाही, पोरी. मला खोकला झालाय. तुझ्या लेकराला लागायला नको."

त्या तरुणीनं तांब्या पुढं केला. कुसुमलतानं तो भरला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. कळशी रिकामी झाली तेव्हा गाडी सुटली. घरी परतताना ती आईशी काहीतरी बोलली. संध्याकाळी भाजी कोणती करायची, ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामायिकाला बसल्या जागीच बाईचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी ते ओट्यावर येऊन, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. तरी खांदा द्यायला आलेल्या चौघांनी रुमाल सोडले नाहीत. कुसुमलतानं त्यांना बोल लावला नाही. ते आले होते.

तिसऱ्या दिवशी सांत्वनाला जमण्याचा उठावणा झाला. भेटायला आलेले पांगले. कुसुमलताला कालपासून खोकला येत होता. खुंटीवर बाईची धुतलेली मुहपत्ती होती. तिनं दोरा कानांमागे अडकवला आणि कळशी भरून निघाली.

या खेपेला धनसिंग थट्टा करायला थांबला नाही. त्यानं तिच्याकडून कळशी घेतली आणि तिच्यापुढं चालू लागला. खिडकीशी आल्यावरही तो मागं सरला नाही.

आतल्या म्हाताऱ्यानं तेच विचारलं. एवढी भीती वाटते का आमची.

"नाही, आबा. मला खोकला आहे."

म्हाताऱ्यानं तांब्या बाहेर काढला, आणि दुसऱ्या हातानं धोतराचा सोगा स्वतःच्या तोंडावर धरला. त्यालाही खोकला होता.

कुसुमलतानं ओगराळं बुडवलं. तांब्या काठोकाठ भरला.

"वाचतात, बाई," ती मोठ्यानं म्हणाली.