पॉइंटवरची चांदी

"चांदी कुठे गेली?" बंद पडलेल्या मोटरचा स्टार्टर उघडून मालक गरजले. आतल्या, वीज जोडणाऱ्या पॉइंटवरचा चांदीचा थर संपून तांबं उघडं पडलं होतं. "इथे हात तुझाच असतो. चोरलीस ना?"

वायरमन भिवाजीने नुसतं नाक मुरडलं. ठिणग्यांनी पॉइंट काळे पडतात, त्या काळेपणाने काही बिघडत नाही, हे तो या दीडशहाण्याला बारा वर्षं सांगत आला होता. पण दर खंडेनवमीला मालक स्वतः बाह्या सरसावून पॉइंट कानशीने घासायचे. पूजेला सगळं कसं लखलखीत हवं!

भिवाजी हत्यारांच्या पाटापाशी गेला. कालच्या झेंडूखालून त्याने ती कानस उचलली आणि हळदकुंकवासकट मालकांच्या हातात ठेवली. दात्यांत चांदीचा चुरा अडकला होता.

"हा घ्या चोर," तो म्हणाला. "कालच तुम्ही त्याला ओवाळलंत."