डावा पेला

उद्या कामावर हजर व्हायचं, म्हणून वाईन चाखून पारखण्याची नोकरी असलेल्या बायकोने आज स्वतःचीच परीक्षा मांडली. केमोनंतर टकलावर बांधलेला रुमाल तिने डोळ्यांवर ओढला. नवऱ्याने दोन पेले भरले. दोन्ही इटलीच्या लाल वाईन, द्राक्षं तीच. वाल्पोलिचेल्ला ताज्या द्राक्षांची, हलकी, आंबटसर. आमारोने सुकवलेल्या द्राक्षांची, जड, मनुकांसारखी, शेवटी कडवट. “तुझी जीभ चामड्याची, तरी चाख,” ती म्हणाली. त्यालासुद्धा फरक कळला. तिने दोन्ही घोट तोंडात घोळवले. “डावी आमारोने. मनुका, कडू चॉकलेट.” डावी वाल्पोलिचेल्ला होती. आजार गेला, म्हणून डॉक्टरांनी पाठ थोपटली होती. सोबत काय गेलं ते सांगायला कुणाची जीभ रेटली नाही. “बरोबर,” तो जरा जास्तच पटकन म्हणाला. “खोटारड्या, मला दोन्हीत पाणीच लागलं, नाव अंदाजाने ठोकलं.” डोळ्यांवरचा रुमाल तिने काढला नाही. “डावी कशी लागते, तू सांग.” “आंबट.” “एवढंच?” त्याने पुन्हा घोट घेतला.