तिसरा सेन्सर

तिसरा नवा सेन्सर खिशात घालून जावई पोकलेनवर चढला, तेव्हा सासरे खाली पाठीमागे हात बांधून उभे होते. त्याने लॅपटॉप जोडला, चावी फिरवली. पडद्यावर तोच बिघाडाचा कोड. इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा. दोनदा सेन्सर बदलून झाला होता आणि हा पठ्ठ्या पुन्हा हजर होता.

"आज हे नाही झालं, तर संध्याकाळी मशीन परत पाठवतो," साइटवरचे साहेब सकाळीच बजावून गेले होते. "ऑपरेटरसकट."

ऑपरेटर म्हणजे सासरेच. हा कोड आला की इंजिन स्वतःला जपायला लागतं. ताकद आपोआप निम्म्यावर येते आणि एवढं धूड गोगलगायीच्या चालीने काम करतं. पाइप टाकायचा चर एव्हाना पुरा व्हायला हवा होता. तो अजून अर्ध्यावरच होता.

जावयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मशीन पहिल्यांदा अडलं तेव्हा साहेब मोठ्या वर्कशॉपचा माणूस बोलावणार होते. सासरेच हटून बसले. "बोलवायचं तर माझ्या जावयाला बोलवा. दुसऱ्या कुणाचा हात मी मशीनला लागू देणार नाही." हे कानावर आल्यावर जावई दोन दिवस जमिनीवर नव्हता. जावई म्हटला की थोडा फुगणारच. "बघ, तुझ्या वडिलांना माझी किंमत कळली एकदाची," असं त्याने बायकोला ऐकवूनही घेतलं होतं. आणि आता त्याच माणसाची नोकरी त्याच्या हातून जायची वेळ आली होती.

त्यात सासऱ्यांचं टुमणं चालूच. पहिल्या खेपेला म्हणाले, "जावईबापू, नीट बघा हं." दुसऱ्या खेपेला म्हणाले, "वायरचं काही नसेल ना? प्लगबिग?" तेव्हा तो वैतागून बोलून गेला होता, "मामा, मशीन कसं चालवायचं ते मी तुम्हाला शिकवतो का?" सासरे थर्मासमधला चहा ओतायला लागले आणि निम्मा कपाबाहेर सांडला. आपण जरा जास्तच बोललो, असं जावयाला वाटलं होतं.

तिसरा सेन्सर खिशातून काढता काढता तो थांबला. कोडचे दोन भाग असतात. पहिला सांगतो, कुठे दुखतंय. दुसरा सांगतो, काय दुखतंय. दोन्ही खेपांना पहिला भाग बघूनच तो पाने-पकड घेऊन धावला होता. आज त्याने दुसरा वाचला. सेन्सर चुकीचं माप देतोय, असं मशीन म्हणतच नव्हतं. सेन्सरशी आपला संबंधच तुटलाय, असं ते म्हणत होतं.

त्याने इंजिनावरचं झाकण उघडलं. वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांनी चाचपली. कुठे घासलेली नाही, कुठे तुटलेली नाही. मग तो वायर सेन्सरला जोडणाऱ्या प्लगपाशी आला. आजूबाजूला तेलाचा आणि धुळीचा थर, आणि प्लग तेवढा लख्ख. त्याचं लॉक नखाने उचकटून उचकटून गुळगुळीत झालेलं. प्लग जागेवर दिसत होता, पण कुणीतरी तो जरासा मागे ओढून ठेवला होता. त्याने तो दाबून बसवला. पुन्हा चावी फिरवली. कोड गायब.

म्हणजे नव्या सेन्सरांनी काही केलंच नव्हतं. सेन्सर बदलताना प्लग त्याने स्वतःच घट्ट बसवला होता, आणि शाबासकी मात्र सेन्सरला दिली होती. त्याला स्वतःचा राग आला. त्याहून जास्त राग आला तो सासऱ्यांच्या पोटावर पाय देणाऱ्या त्या अज्ञात माणसाचा. चावी काढून घेऊन तो तरातरा खाली उतरला.

"मामा, मशीन ठणठणीत आहे. कुणीतरी हातानं प्लग काढून ठेवतंय. तुमचा कुणावर संशय आहे का?"

"मीच काढतो," सासरे म्हणाले.

सासरे मशीनच्या चाकांवरच्या लोखंडी चेनवर टेकले. समोर चरात कामगार पाइप बसवत होते. त्यांची हेल्मेटं तेवढी वर दिसत होती.

"उजवा डोळा गेल्यातच जमा आहे," सासरे त्या हेल्मेटांकडे बघत म्हणाले. "बकेट या पोरांच्या डोक्यापासून हातभर लांब आहे की दोन हात, मला कळत नाही. मशीन जोरात असलं की अंदाज चुकायची भीती वाटते. हळू असलं की सावरायला वेळ मिळतो."

"अहो, मग घरी सांगायचं नाही का?"

"जन्म गेला या खुर्चीत. आता दिसत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगू? ठरवलं होतं बऱ्याचदा. जीभच रेटत नाही."

जावयाला कपाबाहेरचा चहा आठवला. पण एक गोष्ट काही केल्या उलगडेना.

"पण मामा, लपवायचंच होतं, तर मला कशाला बोलावलंत?"

बोलता बोलता त्याने चावी पुढे केली. सासऱ्यांनी ती घेतली नाही. त्याच्याच हातात ठेवून त्याची मूठ मिटवली.

"लपवायचं कुणाला होतं? परक्यानं चारचौघांत सांगण्यापेक्षा घरच्या माणसानं ओळखावं, म्हणून तर हटून बसलो. मला वाटलं, पहिल्याच दिवशी तुमच्या लक्षात येईल. तुम्ही आपले सेन्सरच बदलत बसलात!"