पाण्यातला बाळकृष्ण

टुप्प! दुपारच्या सामसूम घरात देवघरातून आवाज आला आणि लाडू वळता वळता मृदुलाचे हात थांबले.

महिनाभर तिने बाळकृष्णाला पाण्यात ठेवलं होतं. मेहसाण्यातल्या आधीच्या दोन तेलविहिरी कोरड्या गेलेल्या. वसाहतीमागची ही तिसरीही तशीच गेली असती, तर नवऱ्याच्या खोदाईच्या रिगवरच्या सगळ्यांचं काम सुटणार होतं. काल सकाळी तेल लागलं. बाटलीत ते काळं तेल घेऊन तो धावतच घरी आला. "काढ गं तुझ्या देवाला बाहेर! गारठला असेल बिचारा." रडत-हसत तिने मूर्ती पुसून चौरंगावर ठेवली होती.

उद्या रिग राजस्थानला निघणार, नवऱ्यालाही तिच्यामागे जावं लागणार. म्हणून तर हे लाडू.

ती देवघरात आली. बाळकृष्ण पुन्हा वाटीच्या तळाशी, आणि समोर मांडी घालून, हात जोडून बसलेली पाच वर्षांची शाल्मली.

"अगं, तेल लागलं ना? आता कशाला?"

"बाबा जाऊ नयेत म्हणून."

मृदुलाने तिला मांडीवर ओढलं. "वेडाबाई, तेल लागलं म्हणून तर बाबांना पुढची विहीर खणायला बोलावलंय. नसतं लागलं, तर घरीच बसावं लागलं असतं त्यांना."

शाल्मलीने वाकून वाटीतल्या बाळकृष्णाकडे बघितलं. मग मान वर करून तिने हळूच विचारलं,

"म्हणजे आई, बाबांनी जावं म्हणून तू याला पाण्यात ठेवलं होतंस?"